आखूड पायाची खुर्ची

हौशीरामला त्या दिवशी काय काय मिळणार होतं, ते आधी मांडते. मुंबईच्या व्यावसायिक पूल स्पर्धेत थेट जागा मिळणार होती, म्हणजे छापील यादीत त्याचं नाव आणि नावापुढे आळेफाटा. पुण्याची एक क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, बनवणारी कंपनी दोन वर्षं त्याचा प्रवास, राहणं आणि शिकवणी अंगावर घेणार होती. सात वर्षं नखांत मुरलेलं गॅरेजचं ग्रीस कायमचं जाणार होतं. आणि बंटीचं तोंड उतरलेलं बघायला मिळणार होतं. खरं सांगू? या चौथ्या गोष्टीसाठी त्यानं पहिल्या तिन्ही हसत सोडल्या असत्या. मला हे ठाऊक आहे, कारण तो माझ्यावर बसायचा. माणूस तोंडानं काहीही सांगतो, पण बसला की त्याचं खरं काय ते कळतं.

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गातल्या बाकांनी तुम्हाला त्यांची गोष्ट कधी सांगितली नसेल, कारण बाकं भिडस्त असतात. मी तशी नाही.

माझा जन्म शहाण्णव सालचा, आळेफाट्याचा. नाशिकची वाट आणि नगरची वाट जिथे फुटते, तिथे कुशाबाचं गॅरेज आहे. समोरच्या हॉटेलच्या माडीवर भिमाजीशेठनं पूलचं टेबल आणून मांडलं होतं. हा भिमाजी पूर्वी ट्रक चालवायचा. मुंबईला माल उतरेपर्यंत कुठल्याशा क्लबच्या खिडकीतून तो हा खेळ बघत उभा राहायचा. टेबल आलं, पण खेळायला येणार ट्रकवाले. प्लास्टिकची खुर्ची त्यांच्याखाली महिनाभर टिकेना.

"कुशाबा, दणकट खुर्ची करून दे बाबा," भिमाजी म्हणाला. "म्हशीनं बसलं तरी मोडू नाय अशी."

कुशाबानं ट्रकच्या कॅरेजचे जुने पाइप कापले, ड्रायव्हरच्या सीटचं रेक्झिन चढवलं आणि मला उभी केली. तीन पाय बेतशीर झाले. चौथ्याला पाइप उरला तो बोटभर कमी. कुशाबानं मला जमिनीवर हलवून पाहिलं. मी टक् असा आवाज केला.

"चालतंय," तो म्हणाला. "माडीवरची फरशी तरी कुठं सपाट हाय!"

एवढं बोलून त्यानं मला वर पाठवलं. त्याचा गुडघा तेव्हाच अधू झाला होता. चौदा पायऱ्या चढून तो पुन्हा कधी मला बघायला आला नाही. आपल्या हातून राहिलेली बोटभर चूक माणूस किती सहज विसरतो, याची नोंद मी तेव्हाच करून ठेवली.

आता थोडा खेळ समजून घ्या, नाहीतर माझी लबाडी तुमच्या लक्षात येणार नाही. हिरव्या कापडाच्या टेबलावर एक ते नऊ नंबरचे बॉल असतात. पांढऱ्या बॉलनं आधी सगळ्यांत लहान नंबरला हात लावायचा आणि नऊ नंबरचा जो टेबलाच्या कडेच्या पॉकेटात घालेल त्याचा डाव. बॉल पडत राहिले की खेळणारा खेळतच राहतो. आणि दुसरा? दुसरा बसतो. कुस्तीत मार खाणाऱ्याला निदान हात तरी उचलता येतो. इथे समोरचा तुमचा डाव चाटूनपुसून खात असतो आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून बघायचं. पूलमध्ये माणूस टेबलावर हरत नाही, खुर्चीत हरतो. टेबलावर ते फक्त जाहीर होतं.

किती जणांना हरताना मी मांडीवर घेतलं आहे! कुणी क्यूची काठी फडक्यानं पुसत राहायचा, तिचं लाकूड झिजेपर्यंत. कुणी समोरच्याचे बॉल मोजायचा, आणि पाचाच्या पुढे गेला की त्याला घाम सुटायचा. तो घाम माझ्या रेक्झिनला लागायचा. जुन्नरचा एक मास्तर समोरचा नेम धरत असताना ओठातल्या ओठात शिव्या द्यायचा, आणि नेम चुकला की मोठ्यानं म्हणायचा, "अरेरे, थोडक्यात गेला हो!" मला सगळे सारखेच. मी कुणाला धीर दिला नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं.

हौशीराम कुशाबाच्या गॅरेजात कामाला लागला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. गाव खोडद, घर तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिशांच्या बांधाला. काम सुटलं की हात धुऊन माडीवर यायचा. हात चांगला होता त्याचा, इंजिनातला बारीक स्क्रू डोळे झाकून बसवणारा. पण बसला की संपला. समोरचा खेळायला लागला, की याचा डावा पाय आपोआप थरथरायचा. आपली पाळी येईपर्यंत त्याच्यात काही शिल्लक उरायचं नाही. दोन वर्षं तो जवळजवळ सगळ्यांकडून हरला.

मग एका दुपारी सिन्नरचा एक ड्रायव्हर त्याच्याशी खेळत होता. शेवटचा नऊ नंबर पॉकेटाच्या तोंडाशी. शेंबडं पोरही घालील, असा सोपा. ड्रायव्हरनं काठी मागे ओढली, त्याच क्षणी हौशीरामचा पाय थरथरला, मी आखूड पायावर कलले आणि फरशीवर टक् वाजलं. ड्रायव्हरचा हात दचकला. बॉल पॉकेटाच्या कडेला आपटून बाहेर.

"आयला, काय वाजलं?" ड्रायव्हर म्हणाला.

"खुर्ची हाय," हौशीराम म्हणाला. "जुनी हाय, पावणं."

तो डाव हौशीरामनं जिंकला. जिंकून परत माझ्यावर येऊन बसला आणि हळूच, अगदी हळूच, त्यानं मला एकदा कलवून पाहिलं. टक्. त्या दिवशी त्याचा पाय थरथरायचा कायमचा थांबला. भीती गेली म्हणून नव्हे, तिला काम मिळालं म्हणून.

पुढची पाच वर्षं आम्ही दोघांनी मिळून जे केलं त्याला खेळात वेगळं नाव असेल. मी त्याला धंदा म्हणते. कधी वाजवायचं हे त्याला लवकर उमगलं. नेम धरताना नाही, तेव्हा समोरचा थांबून पुन्हा नेम धरतो. काठी शेवटची मागे जाते आणि पुढे यायची असते, त्या मधल्या पोकळीत. आणि प्रत्येक वेळी तर मुळीच नाही, डावात एकदा, फार तर दोनदा. कारण आवाजापेक्षा आवाजाची वाट बघणं माणसाला जास्त खातं. माझा अंदाज सांगते: वाजवल्यामुळे वीस जण चुकले असतील, तर न वाजवल्यामुळे चाळीस.

लोकांना यातलं काय कळतंय! ते म्हणायला लागले, हौशीरामचं मन लई घट्ट. तोही ते मानायला लागला. एकदा कुणीतरी विचारलं, "हौशा, तू एवढा निवांत कसा रं बसतो?"

"आमच्या गावच्या डिशा बघ की राव," तो म्हणाला. "वारा येऊ दे, न्हाईतर काय बी व्हऊ दे, आभाळाकडं तोंड करून गप उभ्या. तसं बसायचं."

माझ्या रेक्झिनला हसू फुटलं असतं तर तेव्हाच फुटलं असतं.

सगळ्यांत जास्त अभिमान कुशाबाला. तो खाली गॅरेजात ट्रकखाली उताणा पडून ड्रायव्हरांना सांगायचा, "माझ्या हौशाचं डोकं म्हंजी बर्फ! मी घडवलाय त्याला. धा हजारांचं इंजिन उघडलं तरी पोराचा हात हलत न्हाई." हौशीराम त्याला वस्ताद म्हणायचा, अहो-जाहो करायचा, डबा त्याच्याबरोबर खायचा. पण माझ्या पायाची गोष्ट त्यानं त्याला कधी सांगितली नाही. कशी सांगणार? बर्फ वितळला असता.

बंटी आला नव्व्याण्णव साली. बाजारपेठेत सुगनचंद यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांचा हा धाकटा. पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं घर, पण बंटीच्या शिव्या अस्सल फाट्याच्या. हात हौशीरामपेक्षा सरस, हे मी लपवत नाही. दोघांनी एकमेकांना पहिल्याच दिवशी ओळखलं आणि पहिल्याच दिवशी नापसंत केलं.

"आधी ग्रीस धुऊन ये, गॅरेज," बंटी म्हणायचा. "हिरव्या कापडाला डाग पडला तर आमच्या दुकानातून न्यावं लागंल."

"तू नेम धरतो का मीटर मोजतो रं?" हौशीराम म्हणायचा. "घडी घालून दिऊ का बॉलाची?"

यात गंमत किती आणि विष किती, हे विचारू नका. पहिल्या महिन्यात थोडी गंमत होती. पुढे सगळं विषच.

बंटी हरायला लागला. हात सरस असून हरायला लागला. तो हुशार, त्याला चार आठवड्यांत कळलं की त्याला हौशीराम नव्हे, मी हरवते आहे. तो भिमाजीकडे गेला.

"शेठ, ती खुर्ची बदला. मारायच्या टायमाला वाजती."

माडीवर दहा-बाराजण होते. असा हशा उसळला की खालच्या हॉटेलातला वेटर वर बघायला आला.

"खुर्चीला भ्यालं राव हे!" कुणीतरी ओरडलं. "बंटीशेठ, तिला म्हणावं, हळू बस गं बाई!"

हौशीराम हसला नाही. त्यानं फक्त मला कलवलं. टक्. पुन्हा हशा. बंटीचे कान लाल झाले आणि त्यानं तक्रार करणं कायमचं सोडलं. या खेळात तक्रार करणं म्हणजे कुठे दुखतं ते स्वतः बोट लावून दाखवणं.

पण बंटीला एक बहीण होती, राखी. दोन हजार दोनच्या पावसाळ्यानंतर ती रोज सकाळी भावाचा डबा घेऊन माडीवर यायला लागली. दुकान उघडायला दोन तास असायचे, भिमाजी खाली चहा प्यायचा आणि हौशीराम गॅरेजात असायचा. राखी डबा ठेवायची आणि माझ्यावर बसायची. हलकी, ताठ, हिशोबी पोरगी.

"मी वाजवणार," ती म्हणायची. "कधी ते सांगणार न्हाई. तू हाताकडं बघू नको, दादा, कान हिकडं ठिव. वाजणारच हाय. वाजलं की मार."

पहिले पंधरा दिवस बंटीचे बॉल टेबलाबाहेर जायचे. मग हळूहळू जमायला लागलं. टक्, की बॉल आत. टक्, की बॉल आत. राखी टाळी वाजवायची नाही, फक्त पुढचा बॉल मांडायची. चार महिन्यांत तिनं भावाला असा तयार केला, की माझ्या आवाजानं त्याचा हात दचकायचा थांबलाच, उलट त्या आवाजावरच तो सुटायला लागला. शाळेची घंटा झाली की पोरं सुटतात तसा.

हुशार माणसांच्या चुकाही हुशार असतात, मित्रांनो. राखीनं त्याला आवाज सोसायला शिकवायचं होतं. तिनं त्याला आवाजाची सवय लावली. मी हे रोज सकाळी बघत होते, संध्याकाळी हौशीरामला बसवत होते आणि कुणालाच काही सांगत नव्हते. मला चार पाय आहेत, तोंड नाही. असतं तरी सांगितलं नसतं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत ती स्पर्धा ठरली. मुंबईच्या स्पर्धेतली एक जागा आपल्या भागासाठी आणि अंतिम सामना भिमाजीच्या माडीवर. पुण्याहून पंच येणार, कंपनीचे साहेब येणार, पंचायत समितीचे सभापती येणार. सभापती येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं? रंगरंगोटी! आदल्या दिवशी माडीवरचं सगळं सामान खाली कुशाबाच्या अंगणात उतरवलं आणि ऑइलपेंटचा डबा फुटला. सात वर्षांनी मी माझ्या बापासमोर उभी राहिले.

त्यानं मला जमिनीवर टेकवलं. टक्.

कुशाबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं पुन्हा हलवलं. टक्.

"अरारारा!" तो म्हणाला. "हौशा हिच्यावर बसतो व्हय? आणि माझ्या हातची डुगडुगती खुर्ची? उद्या एवढा मोठा सामना, आणि पोरगं हालत-डुलत बसणार?"

हौशीराम तेव्हा खोडदला, घरी झोप काढायला गेलेला. कुशाबानं स्वतः वेल्डिंग पेटवलं. ट्रकचा एक जाड वॉशर घासून त्यानं माझ्या आखूड पायाला जोडला, कानशीनं सारखा केला, वर हिरवा रंग मारला. मग सपाट लोखंडी पत्र्यावर ठेवून मला दाही दिशांनी ढकलून पाहिलं. मी हललेही नाही. तो इतका खूश झाला की रंगाच्या हातानंच त्यानं टोपी मागे सारली. चुकीचं माप दुरुस्त करायला माणसाला सात वर्षांनी संधी मिळावी आणि त्यानं नेमकी त्याच दिवशी ती करावी! मी गप्प उभी होते. चारी पायांवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी माडी ओसंडून वाहत होती. निवेदनाला बैलगाडा शर्यतीच्या घाटातला माणूस बोलावला होता. त्याला हळू बोलणं ठाऊकच नाही. "आला रे आला, खोडदचा वाघ आला!" असं तो माइकवर ओरडला तेव्हा पुण्याचे पंच कानावर हात ठेवून म्हणाले, "अहो, इथे शांतता लागते." पाहुण्यांच्या खुर्च्यांवर पांढरे टर्किश टॉवेल टाकले होते. घाईत एक माझ्यावरही पडला. बंटीची खुर्ची टेबलापलीकडे, वेगळी होती. कुशाबा चौदा पायऱ्या एकेक करून चढून आला होता, नवी टोपी घालून, भिंतीला टेकून. राखी दारात उभी.

आधी नऊ डाव जिंकेल तो मुंबईला. पहिला डाव बंटीनं फोडला आणि खेळायला लागला. हौशीराम माझ्यावर येऊन बसला, टॉवेलवर टेकला आणि नेहमीसारखा डिशेसारखा निवांत झाला. बंटीनं काठी मागे ओढली. हौशीरामनं कूस बदलली.

काही नाही.

त्यानं पुन्हा जोर दिला. फरशी सपाटच निघाली आणि मी दगड झाले होते. हौशीराम टॉवेलवर पुढे-मागे सरकून बघायला लागला. आणि तेवढ्यात एक विचित्र गोष्ट घडली. बंटीनं मारलंच नाही. काठी मागे ओढून तो तसाच वाकून राहिला, जणू कुणीतरी हाक मारणार आहे. शेवटी घाईनं मारलं आणि सोपा बॉल चुकला.

मग जे सुरू झालं त्याला अंतिम सामना म्हणायला मला लाज वाटते. एकाच्या हातातली काठी गेली होती आणि दुसऱ्याची घंटा. हौशीराम टेबलावर गेला तरी मन माझ्यापाशी ठेवून जायचा. बंटी दर बॉलला थांबायचा, माझ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. पंचांकडे घड्याळ होतं: एका बॉलला चाळीस सेकंद. वेळ संपली की पाळी समोरच्याची, आणि पांढरा बॉल त्यानं हवा तिथे ठेवायचा. बंटी दोनदा वेळेत मारू शकला नाही. कंपनीच्या साहेबांनी दुसऱ्या साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. चांगलं नसावं.

सहा-सहा झाले आणि निवेदक म्हणाला, "आता सत्कार!"

पंचांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण शाली आणि नारळ आले. सभापतींचा सत्कार, साहेबांचा सत्कार, पंचांचा सत्कार, मग दोन्ही खेळाडूंना फेटे. पाऊण तास चाललं. फेटा बांधून हौशीराम माझ्यावर बसला होता. त्यानं हात हळूच खाली सोडला, बोटं माझ्या पायावरून उतरवली आणि वॉशर चाचपला. ओला हिरवा रंग त्याच्या बोटाला लागला. तो बोटाकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली. समोर भिंतीपाशी कुशाबा हसत होता, आणि तळवा खाली दाबून खूण करत होता: निवांत बस.

हौशीरामला सगळं कळलं. माझ्या रेक्झिनवर त्याची बोटं अशी रुतली की शिवण उसवली. पण राग मोठा असला तरी डोकं त्याचं चालतच होतं, आणि त्याला दुसरीही गोष्ट कळली. बंटी का थांबतोय, ते.

पुढच्या दोन डावांत त्यानं नवं हत्यार चालवलं. बंटी वाकला की हा माझ्या कडेला हात घालायचा, अंग उचलल्यासारखं करायचा आणि तसाच राहायचा. बंटी वाट बघत राहायचा. आठ-सहा. एक डाव हवा होता, फक्त एक. मुंबई, यादी, नखं, सगळं हाताशी. आणि नेमकं तिथेच तो माझ्यावर बसून पुढचं बघायला लागला. साहेबांकडे बघायला लागला. बंटीच्या बापाकडे बघायला लागला, की तो बघतोय ना. दोन डाव त्यानं स्वतःच घालवले. आठ-आठ.

शेवटच्या डावात टेबलावर एकच बॉल उरला, नऊ नंबर. पाळी बंटीची. नेम अवघड नव्हता. बंटी वाकला. काठी मागे ओढली. थांबला.

हौशीराम हात मांडीवर ठेवून बसला होता. या वेळी त्यानं काहीच केलं नाही. करायचं काही नव्हतंच. बंटीच्या कपाळावरून फेट्याखालून घामाची धार निघाली.

"दहा सेकंद," पंच म्हणाले.

दहा सेकंद गप्प बसायचं होतं, मित्रांनो. एवढंच. त्यानंतर पांढरा बॉल हौशीरामच्या हातात, हवा तिथे ठेवून नऊ नंबर आत ढकलायचा. तो पाच वर्षं ज्या मनाची बढाई मारत होता, ते मन त्याला फक्त दहा सेकंद हवं होतं.

बंटी न वळता, दात दाबून म्हणाला, "वाजव की रं गॅरेज. तेवढंच येतंय ना तुला?"

ते सगळ्यांनी ऐकलं. कुशाबानंही.

हौशीरामनं मांडीवरचे हात उचलले. सात सेकंद होते, सहा होते. आणि तो बोलला.

"वाजत न्हाई आता! पाय जोडलाय तिचा, मुडद्या! मार तुझ्यात दम असंल तर!"

"खेळाडूंनी बोलू नये," पंच म्हणाले. पण बंटीच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं होतं. वाजणार नाही. वाट बघायची नाही. तो हसला, एकदाच, नाकातून. काठी पुढे आली आणि नऊ नंबर पॉकेटात गेला, तेव्हा घड्याळात दोन सेकंद होते. निवेदक "झाला रे झाला!" म्हणून इतका मोठ्यानं ओरडला की माइक शिट्टी मारायला लागला.

लोक बंटीभोवती धावले. कुशाबा भिंत धरत धरत हौशीरामकडे आला. "हौशा," तो म्हणाला, "व्हतंय लेका. पुढच्या वर्षी—"

"तुला कुणी सांगितलं व्हतं पाय जोडायला?"

सात वर्षांत तो वस्तादाला पहिल्यांदा 'तू' म्हणाला.

"डुगडुगत व्हती रं," कुशाबा म्हणाला. "मला वाटलं, तू पडशील."

"तिच्या डुगडुगण्यावर तर जिंकत व्हतो मी!"

कुशाबा बघत राहिला. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हिरव्या पायाकडे. बर्फासारखं डोकं, ट्रकखाली उताणं पडून सांगितलेल्या साऱ्या गोष्टी, एकेक करून त्याच्या तोंडावरून उतरल्या. हौशीरामनं मला लाथ मारली आणि मी चौदाच्या चौदा पायऱ्या गडगडत खाली गेले. तीन पाय वाकले. कुशाबानं जोडलेला चौथा मात्र सरळ राहिला. वेल्डिंग त्याचं कधी सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हौशीराम गॅरेजात आला नाही. तिसऱ्याही नाही. हल्ली तो घोडेगाव ते भीमाशंकर जीप चालवतो. शिनोलीला चहाला थांबतो, पण आळेफाट्याचं भाडं घेत नाही. बंटी मुंबईला गेला आणि पहिल्याच फेरीत नऊ-एक असा हरला. तिथल्या खुर्च्या गादीच्या होत्या, चारी पायांवर नीट उभ्या. तिथे कुणी काही वाजवलं नाही. बिचारा प्रत्येक बॉलला वाट बघत उभा राहिला म्हणे. आता कापड मोजतो. माडीवर मोबाइलचं दुकान आलं आहे.

मी परत कुशाबाकडे आहे, अंगणात, पान्हे ठेवायच्या फळीखाली. वाकलेले तीन पाय त्यानं सरळ केले. कुणी गिऱ्हाईक बसायला आलं की म्हणतो, "पावणं, बाकड्यावर बसा. ती नगं."

तुम्हाला काही शिकवण हवीच असेल, तर एवढी घ्या. घरातली खुर्ची डुगडुगत असेल तर जरूर दुरुस्त करा, मित्रांनो. पण आधी तिच्यावर रोज बसणाऱ्याला एकदा विचारा. आणि तुम्ही स्वतः बसणारे असाल, तर ती का डुगडुगते आणि तुम्हाला का आवडते, हे ज्याचं तुमच्यावर प्रेम आहे त्याला वेळेवर सांगून टाका. मला काय, मी लोखंड आहे.

हिशोब मिटवते. बंटीनं चार महिन्यांच्या सकाळी दिल्या आणि एक दुपार मिळवली. हौशीरामनं दहा सेकंदांत मुंबई दिली आणि बंटीचं उतरलेलं तोंड त्याला शेवटपर्यंत बघायला मिळालं नाही. कुशाबानं एक वॉशर दिला, थोडं वेल्डिंग दिलं, चौदा पायऱ्या चढताना गुडघा दिला, आणि ज्याच्याबरोबर डबा खायचा तो माणूस दिला. सगळ्यांत जास्त त्यानंच भरलं, आणि त्याला तर या खेळाचे नियमही ठाऊक नव्हते.